मेत्रे सरांचा रविवार

आमच्या शाळेत नव्यानं आलेला प्रत्येक शिक्षक पहिल्या आठवड्यातच कुणाला तरी विचारायचा, "मेत्रे सर देव मानतात का हो?" जुनी मंडळी त्याला थेट सरांकडंच पाठवायची. सर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायचे आणि विचारायचे, "आज वार कोणचा?" त्यानं मंगळवार सांगितला की म्हणायचे, "मग न्हाई मानत. आन् रविवारी इचारायचंच न्हाई." हसावं की गप्प बसावं हे न कळून तो बिचारा तसाच उभा राहायचा. मलाही त्यांनी असंच उभं केलं होतं.

मी मूळची उदगीरची. लग्न होऊन बसवकल्याणला आले आणि तिथून बसनं पाऊण तासावरच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागले. कर्नाटकातली मराठी शाळा म्हणजे ऑफिसातली पत्रं कानडीत, पोरांच्या शिव्या दखनीत आणि निबंध तेवढे मराठीत. बीरप्पा मेत्रे तिथं विज्ञान शिकवायचे. उंच, जरा वाकलेले, पँट पोटाच्या बरीच वर आणि खिशात पेनाऐवजी खडू. सोमवारी त्यांची नखं पिवळी असायची. आदल्या दिवशीचा भंडारा कितीही धुतला तरी निघायचा नाही आणि त्या पिवळ्या नखांनी ते फळ्यावर न्यूटनचे नियम लिहायचे.

त्यांना प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागायचा. शिपायानं सांगितलं की चहात साखर घातलीय, तर सर म्हणणार, "पुरावा?" हेडमास्तर म्हणाले की पगार उद्या होईल, तर पुरावा. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, तुमचं लग्न झालंय याचा तरी पुरावा आहे का?" तर डबा उघडून आतली करपलेली भाकरी मला दाखवली. स्टाफरूम हसून लोळली. तीच गंमत वहिनींना कळली तेव्हा मात्र आठवडाभर सर घरून डबाच आणत नव्हते.

हे झाले सोमवार ते शनिवारचे मेत्रे सर. रविवारी ते बीरोबाचे पुजारी असत.

त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. आजोबांच्या काळात ती गेली, वडिलांनी थोडी जमीन केली, पण गावाबाहेरच्या टेकाडावरच्या बीरोबाचं पुजारीपण तेवढं घरात राहिलं. "मेंढरं सोडून गेली, देव काई सोडंना," असं सर म्हणायचे. ते एकुलते एक. कलबुर्गीला बी.एस्सी. करत असताना वडील वारले, दिवस झाले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, लोक नारळ घेऊन दारात उभे. त्यांना कौल पाहिजे होता.

कौल म्हणजे काय, ते सांगते. बीरोबाची मूर्ती म्हणजे काळा उभा दगड, माणसाच्या छातीइतका उंच. त्याच्या दोन्ही खांद्यांना पुजारी झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवतो. मग आपण प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. कितीतरी वेळ काहीच पडलं नाही तर तो मुका कौल. म्हणजे देवानं तोंड फिरवलं, आता काहीच करायचं नाही, थांबायचं. पोरीचं स्थळ, विहिरीची जागा, म्हशीचा सौदा, आजारपण, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. पुजाऱ्याला रविवारी गाव सोडता येत नाही, शेवटचा माणूस जाईपर्यंत त्यानं पाणीसुद्धा प्यायचं नसतं. त्यामुळं दहावीचे पेपर तपासायला कलबुर्गीला गेलेले मेत्रे सर शनिवारी गठ्ठा टाकून परत यायचे आणि सोमवारी पुन्हा जायचे. शाळेच्या सहलीला ते कधीच आले नाहीत. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. नववीला भरती-ओहोटी मात्र इतकी सुरेख शिकवायचे की मीसुद्धा मागच्या बाकावर जाऊन बसायची.

एका वर्षी त्यांनी वर्गात काचेची उभी तावदानं आणि झेंडूची फुलं आणली. विषय पृष्ठताणाचा होता. पाकळी नुसती दमट असली तर काचेला घट्ट धरून बसते, जास्त भिजली की स्वतःच्या वजनानं घसरते, हे त्यांनी पोरांकडून पंचवीस वेळा करून घेतलं. डावी पाड म्हटलं की पोरं डावी पाडायची, उजवी म्हटलं की उजवी. तास संपताना सरांनी विचारलं, "आता सांगा, टेकाडावर काय होतंय?" सगळ्यांना कळलं होतं. मग मागून एकजण उठला आणि म्हणाला, "सर, पर कोणच्या पाकळीला किती पाणी लागंल, ते देवच ठरवत असंल की."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घरोघरी गेली. मला वाटलं, आता काहीतरी बिनसणार. झालं उलटंच. पुढच्या रविवारी रांग वाढली. गावाला इतका शिकलेला पुजारी मिळाला, याचं लोकांना अप्रूप वाटलं. सर मला म्हणाले, "बाई, चोरी कबूल केली तर लोकांनी हार घातला. आता कुठं जावं माणसानं?"

चोरी म्हणजे काय, ते मला त्याच दिवशी कळलं. रविवारी कोण काय विचारायला येणार, याची कुणकुण गावात आधीच असते. आजारपण असलं की सर शनिवारी त्या घरी चहाला जायचे, गोड बोलून रिपोर्ट बघायचे, मोबाइलवर फोटो काढायचे आणि बीदरला डॉक्टर झालेल्या आपल्या एका विद्यार्थ्याला पाठवायचे. तो फोनवर सांगायचा काय करावं. रविवारी पाकळी तशी पडायची.

द्वारकाबाईचं तसंच झालं. साठीची बाई, छातीत गाठ. डॉक्टर म्हणाले सोलापूरला नेऊन काढा, घरचे म्हणाले चाकू लावला की पसरतं. शेवटी सगळे टेकाडावर आले. उजवा कौल झाला आणि त्याच दुपारी जीप सोलापूरला गेली. बाई खडखडीत बरी होऊन आली. तिच्या पोरांनी बीरोबाला चांदीची छत्री वाहिली, मिरवणूक काढली आणि त्या मिरवणुकीत छत्री धरून सगळ्यांच्या पुढं चालले कोण, तर मेत्रे सर. सोमवारी ते स्टाफरूममध्ये नुसते बसून होते. म्हणाले, "कापलं सर्जननं, शिवलं नर्सनं, छत्री दगडाला. आन् मी जितकी मानसं वाचवायलोय तितका त्यो दगड मोठा व्हायलाय. मीच करायलोय त्याला मोठा."

मी म्हटलं, "माणसं वाचतायत ना, मग झालं."

"तुमाला काय जातंय म्हनायला," ते एकदम तोडून बोलले. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवल्याचा तो एकच प्रसंग. तासाची घंटा झाली तशी उठून गेले आणि मधल्या सुट्टीत माझ्यासमोर चिक्कीचा तुकडा ठेवून निघून गेले. त्यांची माफी मागायची तीच पद्धत होती.

पुढं तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय आला, विज्ञानयुगात देवाची गरज आहे का. पोरांना तयार करायचं काम माझ्याकडं. द्वारकाबाईची नात रेणुका दहावीत होती, बोलायला चुणचुणीत. मी तिला मुद्द्यांसाठी सरांकडं पाठवलं. सरांनी तिला 'गरज नाही' या बाजूचे चौदा मुद्दे उभ्या उभ्या लिहून दिले. 'गरज आहे' या बाजूचे मागितले तर वहीवर मोठं शून्य काढून दिलं. रेणुकानं शून्याकडं बघितलं आणि विचारलं, "सर, मग माज्या आजीला तुमी सोलापूरला कसं धाडलं?"

सरांनी वही मिटून तिला परत दिली. पोरगी बक्षीस घेऊन आली. ती बोलली होती 'गरज आहे' या बाजूनं आणि आजीचीच गोष्ट सांगून सगळी सभा रडवून आली होती. "माझंच उदाहरण देऊन जितली की हो, बाई," सर म्हणाले. हसण्याचा त्यांनी प्रयत्न केला. मग हळूच म्हणाले, "बास झालं आता. या रविवारपासून खरं बोलायचं. पाकळी लावायचीच न्हाई. मी मास्तर हाय, मास्तर म्हनून सांगतो, ऐकायचं तर ऐका."

मला फार आनंद झाला. मी त्यांना शाबासकी दिली, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्या रविवारी तुळशीराम आला. दुसऱ्यांची मेंढरं राखणारा चाळिशीतला माणूस, सरांच्या भावकीतलाच. रानात कुत्रं पोटरीला चावलं होतं. जखम लहान होती, त्यावर त्यानं हळद-चुना लावला होता. कौल मागितला की सुया टोचून घ्यायच्या का? सरांनी पाकळ्या बाजूला ठेवल्या, त्याचा हात धरून बाहेर पायरीवर आणलं आणि म्हणाले, "तुळश्या, कौल नगं. देवाचं काय काम न्हाई हितं. मी सांगायलोय तुला, आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा, साबणानं पाय धू, सुया घे. फुकट देत्यात." सगळ्यांसमोर दोनदा सांगितलं. तुळशीराम व्हय व्हय म्हणाला आणि पाया पडून गेला.

तो दवाखान्यात गेलाच नाही. त्याचं चुकलं म्हणावं तरी कसं? लहानपणापासून त्याला ठाऊक होतं की पाकळी पडली नाही म्हणजे मुका कौल. देवानं तोंड फिरवलं, काही करायचं नाही. आणि इथं तर पुजाऱ्यानं पाकळी लावलीच नव्हती. म्हणजे देव किती रागावला असेल! तो घरी गेला, बायकोला म्हणाला देव बोलला नाही, आणि दोघांनी पाच रविवार उपास धरला.

शनिवारची चहाची फेरी सरांनी त्या दिवसांत बंद केली होती. मास्तर म्हणून सांगितलं ते त्यानं ऐकलं असणार, असं ते धरून चालले. त्यांना कळलं ते दीड महिन्यानं, तुळशीरामला तांब्यातलं पाणी बघून झटके यायला लागले तेव्हा. बीदरला नेलं, पण त्या आजाराला तिथवर गेल्यावर कुणाकडंच काही नसतं. सर दोन दिवस, तो जाईपर्यंत, त्याच्या खाटेपाशी होते. तुळशीरामनं त्यांना विचारलं म्हणे, "आण्णा, देव माज्यावर कामून रागावला व्हता?"

हे सांगताना सर माझ्याकडं न बघता खडूचे तुकडे करत होते. मला रडू फुटलं. त्यांना नाही. ते एवढंच म्हणाले, "मी मास्तर म्हनून सांगितलं, बाई. मास्तरचं कोन ऐकतंय. पाकळी लावली असती तर दवाखान्यात पोचला असता."

त्यानंतर त्यांनी पाकळी लावायला कधी नकार दिला नाही. शनिवारच्या चहाच्या फेऱ्या वाढल्या. नवा शिक्षक आला आणि वारावरून काही विनोद होईल म्हणून आम्ही वाट बघू लागलो, तर सर नुसतंच म्हणायचे, "तासाला जावा."

निवृत्त झाल्यावर ते सुटतील असं आम्हाला वाटलं होतं. मुलगी पुण्यात, नात झालेली, वहिनी तिकडंच राहायला गेलेल्या. चुलतभावाचा मुलगा सिद्धू पुजारीपण घ्यायला एका पायावर तयार होता. मन्नाएखेळ्ळीला हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान. पोरगा सज्जन, निर्व्यसनी, पहाटे अंघोळ करून बीरोबाचं नाव घेतल्याशिवाय चहा न पिणारा. निरोप समारंभानंतर मी विचारलं, "मग, पुण्याला कधी?"

"सिद्धूला दोन रविवार बसवून बघितलं," सर म्हणाले. "त्याचा देवावर पक्का इश्वास हाय. दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवतो, डोळे मिटतो आन् देवावर सोडतो. एका बाईला पोटात पानी झालतं, तिला डावा कौल दिला त्यानं. मी मागनं जाऊन, देव सपनात आला म्हनून खोटं सांगून तिला दवाखान्यात धाडली." मग म्हणाले, "तितं इश्वास असलेला मानूस बसवला तर मानसं मरत्याल, बाई. न मानणाराच पायजे तितं. आन् आमच्या घरात तसा मी एकलाच."

मग ते पुण्याला गेलेच नाहीत. नातीला मोबाइलवर बघायचे. हातानं करून खायचे आणि रविवारी टेकाडावर उभे राहायचे. त्यांची मला कीव यायची आणि रागही यायचा. देवाचा राग, लोकांचा राग, कधीकधी सरांचाच. हे सगळं ज्याच्याजवळ मोकळेपणानं बोलता येईल असं माणूस त्यांना मी एकटीच होते, असं तेच म्हणायचे. "तुमच्याम्होरं मी पुजारी न्हाई," हे त्यांचे शब्द.

आणि त्यांच्याशी मी कशी वागले, ते सांगायचं आता टाळता येणार नाही. आमचे हे आता बरे आहेत, चालतात, फिरतात, चोरून भजी खातात, हे आधीच सांगून टाकते. पण तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदयाचे फोटो आमच्यापुढं ठेवले होते आणि म्हणाले होते, ऑपरेशन करता येईल, गोळ्यांवरही ठेवता येईल, धोका दोन्हीकडं आहे, तुम्ही घरात ठरवा. घरात म्हणजे कोण? हे म्हणाले, तू म्हणशील तसं. बेंगळुरूहून मुलगा म्हणाला, आई, तू ठरव. मी रिपोर्ट सरांना पाठवले. शनिवारी त्यांचा फोन आला, "बाई, बीदरचा पोरगा बी तेच म्हनतो. दोन्ही बरोबर हाय म्हनं. मला काय सांगता यायचं न्हाई."

रविवारी सकाळी मी बस पकडून टेकाडावर गेले आणि नारळ घेऊन रांगेत उभी राहिले. का गेले, याचं चांगलं दिसेल असं उत्तर माझ्याकडं नाही. माझ्या एकटीच्या तोंडून निघालेल्या शब्दावर तो माणूस जगणार किंवा मरणार होता आणि तो शब्द मला उच्चारायचा नव्हता.

माझी पाळी आली तेव्हा मी वाकून गाभाऱ्यात शिरले. आत पुजाऱ्याखेरीज एका वेळी एकच माणूस मावतं. सर उघडे, धोतर नेसलेले, कपाळभर भंडारा. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या वेशात पाहिलं नव्हतं. त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, तुमी कामून?"

"कौल पाहिजे."

"तुमाला समदं ठाऊक हाय की."

"ठाऊक आहे."

"मग?"

"तरी पाहिजे, सर."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी दोन पाकळ्या खुडल्या, दोन्ही एकदमच पाण्यात बुडवल्या, एकदमच बाहेर काढल्या, सारख्याच झटकल्या आणि दगडाच्या दोन खांद्यांना लावल्या. या खेपेला त्यांनाही उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. ते काही मागत होते, की नुसतं माझं तोंड बघायचं टाळत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मनात विचारलं, ऑपरेशन करू का?

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर कुणीतरी खोकलं. मग डाव्या खांद्यावरची पाकळी घसरली आणि खाली पडली.

डावी. म्हणजे नाही. आणि त्याच क्षणी माझ्या आतून कुणीतरी ओरडलं की नाही, ऑपरेशन करायचंय, करायचंच आहे.

"कोणची पडली?" सरांनी विचारलं. डोळे अजून मिटलेलेच होते.

"उजवी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. उजव्या खांद्यावरची पाकळी जागच्या जागी होती. त्यांनी ती बघितली, खाली पडलेली बघितली, मग मला बघितलं. मी मान खाली घातली. सरांनी उजवी पाकळी बोटानं अलगद काढली, माझ्या तळहातावर ठेवली, वर चिमूटभर भंडारा सोडला आणि दाराकडं तोंड करून मोठ्यानं ओरडले, "उजवा कौल!"

"बीरोबाच्या नावानं चांगभलं!" बाहेरची रांग गर्जली.

हा माणूस जिथं जन्मभर उभा होता तिथं मी अर्धा मिनिट उभी राहिले होते आणि मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मला काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती. पण एक म्हातारा एक्स-रेची पिशवी छातीशी धरून दारात वाकला होता. "सरका, बाई," सर हळूच म्हणाले आणि त्यांनी पुढच्या दोन पाकळ्या खुडल्या.